मुलांसाठी खोली बघताना



मुलगा धाटावच्या कारखान्यात लागला की रोह्यात खोली बघणे आले. मुलगी कॉलेजला जाऊ लागली की पेणला. भाताचे बी आपण मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे काढतो. खोलीचीही तशीच पारख करावी.

उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. छताचे कोपरे पाहा, ओलीचे डाग शोधा. कुंडलिका किंवा भोगावती जवळ असेल, तर पुराचे पाणी कुठवर चढते ते शेजाऱ्यांना विचारा.

अनामत रक्कम भात विकून उभी केलेली असते. ती तोंडी बोलीवर देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. वीजबिल कोणी भरायचे, अनामत केव्हा परत मिळायची, हे करारातच लिहून घ्या. दरमहा भाड्याची पावती मागा.

राहायला गेल्यावर शेजारी ओळख करून घ्यावी. अडीअडचणीला आधी शेजारीच धावतो. आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मुलांना बजावूनच पाठवा.