आईच्या अंगावरचे दोन झेंडे



फुटबॉलविषयी या कौटुंबिक पानावर काय लिहायचे, असे कुणालाही वाटेल. पण आजची गोष्ट खेळाडूंची कमी आणि त्यांच्या आईची जास्त आहे.

११ जून २०१६ रोजी फ्रान्समध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा एक सामना झाला. स्वित्झर्लंडकडून ग्रानित झाका खेळत होता आणि अल्बानियाकडून त्याचा सख्खा थोरला भाऊ तौलांत. या स्पर्धेत दोन सख्खे भाऊ समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ. प्रेक्षकांत त्यांची आई बसली होती. तिच्या अंगातला टी-शर्ट अर्धा स्वित्झर्लंडच्या झेंड्याचा होता, अर्धा अल्बानियाच्या. दोन्ही झेंडे लालच. एकावर पांढरा क्रॉस, दुसऱ्यावर काळा दुतोंडी गरुड.

हे कुटुंब मूळचे कोसोवोतील अल्बानियन. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात सरकारविरोधी निदर्शनांत भाग घेतला म्हणून वडिलांनी काही वर्षे तुरुंगात काढली. सुटल्यावर कुटुंब स्वित्झर्लंडला आले. दोन्ही मुले बासेल शहरात जन्मली, तिथेच खेळ शिकली. पुढे एकाने जन्मभूमीची जर्सी घातली, दुसऱ्याने आईबापांच्या मुळाची. यात निष्ठावान कोण आणि बेइमान कोण? सामना स्वित्झर्लंडने १-० असा जिंकला. त्या माउलीचा एक लेक जिंकला, एक हरला. पण तिला कुणा एकाची निवड करावी लागली नाही. मैत्रीभावना समजावताना तथागतांनी आईचाच दाखला दिला, तो उगीच नव्हे.

पण जग आईच्या नजरेने पाहत नाही. मेसूत ओझिलचे आजोबा तुर्कस्तानातून जर्मनीत मजुरीसाठी गेले. नातू तिथेच जन्मला आणि २०१४ साली जर्मनीच्या विश्वविजेत्या संघात खेळला. त्याआधी ऑक्टोबर २०१० मध्ये बर्लिनला जर्मनी विरुद्ध तुर्कस्तान सामन्यात तुर्की प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने गोल केला, पण आनंद साजरा केला नाही. २०१८ साली तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर काढलेल्या छायाचित्रावरून गदारोळ झाला. त्या छायाचित्रावर टीका करण्याचा लोकांना हक्क होताच. परंतु विश्वचषकात जर्मनी पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर टीकेचा रोख त्याच्या वंशाकडे वळला. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की परका, अशा अर्थाची व्यथा मांडून त्याने राष्ट्रीय संघ सोडला.

वाचकहो, ही व्यथा आपल्याला अनोळखी आहे काय? पळवणकर बाळू हे आपल्या देशाचे पहिले थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. चेंडू टाकायला ते चालत होते, पण पुण्यात त्यांचा चहाचा पेला वेगळा होता. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. १९३१ साली बाबासाहेबांनी गांधीजींना, मला मायभूमी नाही, असे सुनावले ते याच वेदनेतून. आणि त्याच बाबासाहेबांनी, आपण प्रथम भारतीय आणि अंतीही भारतीयच, अशी भूमिका घेतली आणि या देशाची घटना घडवली. निष्ठा मागण्याआधी माणसाला आपले म्हणावे लागते, हाच याचा धडा.

हा धडा आपल्या घरातही लागू आहे. समाजातील अनेक मुलेमुली आता शिक्षण-नोकरीसाठी परदेशी स्थायिक झाली आहेत. फुटबॉलच्या विश्वचषकात भारत अजून एकदाही खेळलेला नाही. मग लंडनमध्ये वाढणारा नातू इंग्लंडच्या संघासाठी ओरडणार, यात नवल ते काय? आजी-आजोबा भेटीला गेले की त्याला विचारतात, "तू नक्की कोणाचा रे?" पोर गोंधळते. शाळेत त्याला रंगावरून हाच प्रश्न विचारला गेला असेल, तर घरातला प्रश्न त्याला दुप्पट लागतो.

त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून सामना पाहा. गोल झाला तर टाळ्या वाजवा. मग त्याला सांगा की याच लंडनमध्ये बाबासाहेब राहिले, उपाशीपोटी शिकले आणि शिकून मायदेशी परतले. बाळू पळवणकरांची गोष्टही सांगा. त्याच्या अंगात इंग्लंडची जर्सी असू द्या; भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे ना, मग काळजी कसली?

जयभीम!