लाकडांवर बसलेला माणूस कोणाचा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात जळाऊ लाकडांनी भरलेली एक पिकअप मोरीजवळच्या वळणावर उलटली. हौद्यात बाभळीचे ओंडके, त्यावर दोर आवळलेला आणि दोरीला धरून दोन मजूर बसलेले. दोघेही कातकरी वाडीवरचे. एकाचा पाय मोडला. दुसरा, विशीच्या आतबाहेरचा मुलगा, ओंडक्यांखाली सापडून जागीच गेला. गाडी चालवणारा पोरगा आमच्याच वस्तीतला. गाडी त्याचीच, कर्जावर घेतलेली, समोरच्या काचेवर ‘जय भीम’ लिहिलेली.

आम्ही चार-पाच कार्यकर्ते दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिथे एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता : “माणूस कोणाचा?” म्हणजे आईबाप कोण, असे कोणी विचारत नव्हते. तो कोणाच्या कामावर होता, हे विचारत होते. वखारवाला म्हणाला, मी लाकूड काट्यावर विकत घेतो, माणसं माझी नाहीत. शेतकरी म्हणाला, मी बांधावरची झाडं मुकादमाला उक्ती दिली, पुढचं मला माहीत नाही. मुकादम म्हणाला, गाडीत बसले म्हणजे गाडीवाल्याचे. गाडीवाला खाली मान घालून बसला होता. अर्ध्या तासात चार जणांनी हात झटकले आणि मेलेला माणूस कोणाचाच राहिला नाही.

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहीत आहोत. कारण त्याचे उत्तर देताना आपलीही परीक्षा झाली, आणि आपण सगळेच तीत पास झालो असे म्हणता येत नाही.

आधी वजनाचा हिशेब करू. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. त्यात चार फूट उंच लाकडे रचली की सुमारे २०० घनफुटांचा ढीग होतो. ओंडक्यांमधली पोकळी वजा केली तरी १२० घनफूट लाकूड उरते. ओली बाभूळ जवळजवळ पाण्याइतकी जड असते आणि एक घनफूट पाणी २८ किलो भरते. म्हणजे माल सव्वातीन टनांच्या पुढे गेला. गाडीची क्षमता दीड टनाच्या आसपास! प्रत्यक्षात ढीग चार फुटांवर थांबत नाही. फाळक्याला उभे ओंडके लावून उंची वाढवतात आणि केबिनच्या वर माल नेतात.

गॅरेजवाला यावर कमानपाटे वाढवून देतो. गाडी मागून बसत नाही, मालक खूश होतो. पण पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत. वजन दुप्पट झाले की थांबवायला लागणारा जोरही दुप्पट लागतो आणि उतारावर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. लाकूड गोल आणि ढीग उंच, म्हणून वळणावर माल एका बाजूला सरकतो आणि गाडीला सोबत घेऊन जातो. ज्या दोरीने माल बांधला आहे, त्याच दोरीला धरून माणूस बसलेला असतो. माल सुटला की त्याच्या हातातला आधारही सुटतो.

हे ड्रायव्हरला कळत नाही का? चांगले कळते. मग तो का भरतो? कारण वखारीत पैसे काट्यावर मिळतात. एका खेपेत दीड टन नेले तर डिझेल, भरणावळ आणि गाडीचा हप्ता जाऊन हातात काही उरत नाही. तीन टन नेले तरच घरी काही नेता येते. म्हणजे जादा माल हा या धंद्याच्या भावातच धरलेला आहे. कायद्यात राहून गाडी चालवली तर धंदा तोट्यात जाईल, अशाच हिशेबाने भाडे ठरते. ते भाडे ठरवणारा वखारीत गादीवर असतो, आणि चालान येते स्टेअरिंगवरच्या पोराच्या नावावर.

आता जातीचा मुद्दा. “यात जात कुठून आली? सगळ्या जातींची पोरं पिकअप चालवतात,” असे आम्हाला लगेच ऐकवले जाते. चालवतात, मान्य आहे. आम्ही एवढेच म्हणतो की एक दिवस रस्त्याच्या कडेला उभे राहा. केबिनमध्ये कोण बसले आहे आणि लाकडांवर कोण बसले आहे, ते मोजा. वर बसलेल्यांची वस्ती विचारा. आमच्या भागात उत्तर बहुतेक वेळा कातकरी वाडीचे येते, तर दुसरीकडे भिल्लांच्या, पारध्यांच्या पालाचे येईल. जातीचा संबंध तिथे आहे.

लाकडाच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘आडजात’. साग, शिसव हे इमारती लाकूड. ते मोजून, सोलून, ताडपत्री टाकून जाते. बाभूळ, सुबाभूळ आणि बाकीची किरकोळ झाडे आडजात. ती फोडायची, कशीही रचायची, जाळायची. लाकूड वाहणाऱ्या माणसांचीही समाजाने हीच प्रतवारी केली आहे.

जळण आणि जात यांचे नाते आपल्या लोकांना नव्याने सांगायची गरज नाही. महार वतनाच्या कामांत मयताची वर्दी परगावी नेणे होते, मेलेली जनावरे ओढणे होते, तसेच मयतासाठी लाकडे फोडून देणेही होते. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते. ते आपल्या आजोबा-पणजोबांनी डोक्यावरून वाहिले, आणि ज्या चितेसाठी वाहिले तिच्याजवळ त्यांना उभे राहू दिले गेले नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते उगाच नव्हे. वतनाच्या तुकड्यापायी माणूस गावाचा बांधील होतो आणि त्याच्या श्रमाला ना वेळ राहते ना मोल, हे त्यांनी ओळखले होते. पुढे कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तोवर १९५६ ची धम्मदीक्षा झाली होती आणि आपल्या माणसांनी गावकीची कामे स्वतःहून टाकायला सुरुवात केली होती.

आपण ते ओझे टाकले, हा आपला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण टाकलेले ओझे नाहीसे झाले नाही. ते जमीन नसलेल्या, संघटना नसलेल्या आदिवासी आणि भटक्या-विमुक्त माणसाच्या खांद्यावर गेले. जात ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. आणि ही वाटणी पायऱ्यांची असते. प्रत्येकाला आपल्या खालची एक पायरी दिसते आणि तिच्यावर पाय ठेवून उभे राहायची सवय लागते. केबिनमध्ये आपला पोरगा आणि लाकडांवर कातकरी पोरगा, हे दृश्य श्रेणीबद्ध विषमतेचेच आहे. पुढच्या काचेवर ‘जय भीम’ लिहिले म्हणून ते बदलत नाही.

त्या रात्री दवाखान्यात जे झाले ते इथे लिहिणे भाग आहे. वस्तीतले दोन जाणते माणूस आपल्या पोराला बाजूला घेऊन म्हणाले, “जबाबात सांग की ती दोघं वाटेत हात करून बसली. लिफ्ट दिली म्हण. नायतर आयुष्यातून उठशील.” सल्ला प्रेमाने दिला होता. पोराचे लग्न ठरले होते, कर्ज डोक्यावर होते.

पण या एका वाक्याचा अर्थ काय होतो? मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेले आहे. उलट गाडीमालकाचा मजूर मालवाहू गाडीतून कामानिमित्त जात असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे त्याच्या नुकसानभरपाईचा दावा विम्यावर उभा राहतो. कंपनी हुज्जत घालेल, जादा मालाचे कारण दाखवेल, पण दावा उभा राहतो. कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना, मालकाची चूक सिद्ध करत बसावे न लागता, भरपाई मिळावी हे तत्त्व या देशात १९२३ सालच्या कायद्यापासून आहे. म्हणजे ‘लिफ्ट दिली’ या दोन शब्दांनी त्या मुलाच्या आईचा हक्क एका क्षणात पुसला गेला असता.

आम्ही त्याला समोर बसवून सांगितले, “दादा, जे झालं तेच सांग.” त्याने तसेच सांगितले. दोघे मजूर भरणीसाठी आणले होते, उतरवायलाही तेच होते, मजुरी मुकादमाकडून ठरली होती पण गाडीवर मी बसवले. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला आहे आणि प्रकरण चालू आहे. वस्तीतले काही लोक अजून आमच्याशी बोलत नाहीत. “कार्यकर्ते आपल्या माणसाला वाचवायला असतात का अडकवायला?” असे आम्हाला तोंडावर विचारले गेले.

आमचे उत्तर असे. वखारवाल्याने हात झटकले, त्याला आपण शोषक म्हणतो. तेच आपल्या पोराने केले तर त्याला काय म्हणायचे? आपली लढाई फक्त आपली जात केबिनपर्यंत पोहोचवायची असेल, तर मागे कोण बसले आहे याच्याशी आपल्याला देणेघेणे उरत नाही. मग ती लढाई समतेची राहत नाही. आणि पोराला एकट्याला सोडून आम्ही घरी गेलो नाही. त्याच्या वकिलाची व्यवस्था आम्ही केली आणि मुलाच्या आईच्या दाव्याची कागदपत्रेही आम्हीच जमवत आहोत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

त्याच कागदांच्या निमित्ताने आम्ही कायदा नीट वाचला. जादा मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. माल बाजूला किंवा वर मर्यादेबाहेर गेला तर आणखी २०,००० रुपये. हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी धरला आहे, हे कोणी सांगत नाही. वखारीच्या वजनकाट्याची पावती म्हणजे जादा मालाचा लेखी पुरावा आहे. सव्वातीन टनांची पावती फाडणाऱ्याला माल दीड टनी गाडीतून आला हे दिसत नव्हते का? त्या पावतीच्या आधारे वखारवाल्यावर आणि मुकादमावरही कारवाई करा, अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेची काळजी घेतली गेली, चांगलेच झाले. पण लाकडाचा धूर होण्याआधी त्याचे जे ओझे होते, त्याची काळजी कोणी घ्यायची? एका माणसाने एका वेळी ५५ किलोंहून जास्त वजन उचलू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. हमालांनी लढून तो मिळवला. बाजार समितीतल्या हमालाला त्याचा आधार आहे, बांधावर लाकूड भरणाऱ्या कातकऱ्याला त्याचे नावही ऐकू आलेले नाही.

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आजपासून मालावर माणूस बसवू नये. तीन माणसे केबिनमध्ये मावत नसतील तर एकाला एसटीचे भाडे द्या. आपल्या भागातले पिकअपवाले एकत्र बसवा आणि दीड टनाच्या खेपेचा परवडणारा दर ठरवा. एकट्याने दर मागितला तर वखारवाला दुसरी गाडी बोलावतो, सगळ्यांनी मागितला तर त्याला ऐकावे लागते. भरणीच्या मजुरांची नावे आणि ठरलेली मजुरी एका वहीत लिहा. त्यांचे बँक खाते असेल तर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा सरकारी अपघात विमा निघतो, तो काढून द्या. तो कायद्याच्या भरपाईला पर्याय नाही, पण पहिल्या महिन्यात घरात चूल पेटायला उपयोगी पडतो. आणि माथाडी मंडळाकडे जळाऊ लाकडाच्या भरणी-उतरणीची नोंद व्हावी म्हणून अर्ज करा. अर्ज फेटाळला तर तो कागद घेऊन आमच्याकडे या.

त्या मुलाची आई आमच्याशी एकदाच मोकळेपणी बोलली. म्हणाली, “सगळे विचारत होते माणूस कोणाचा. माझा होता की.” पुढच्या वेळी कोणी हा प्रश्न विचारला तर वखारवाल्याच्या आधी, मुकादमाच्या आधी आपण हात वर करायला हवा.

जय भीम!