सर्वांत मोठी संख्या कोणाची?

बालमित्रांनो, पावसामुळे घरात अडकलात की हा खेळ तुम्ही नक्की खेळला असाल. ‘सर्वांत मोठी संख्या कोण सांगतो?’ एकजण म्हणतो हजार, दुसरा म्हणतो लाख. मग कोटी, शंभर कोटी... आणि शेवटी कोणीतरी अतिशहाणा म्हणतो, ‘तू सांगशील त्यापेक्षा एक जास्त!’ झालं! खेळ संपला आणि भांडण सुरू!

मोठ्या संख्यांची हौस आपल्या पूर्वजांनाही होती. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त कोटी, अर्बुद यांच्या पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं! आजी-आजोबांना विचारून पाहा. त्यांना ही यादी अजून पाठ असेल.

पण नावं कधीतरी संपणारच. मग काय, शून्यं काढत बसायचं? छे, वही पुरायची नाही!

गणितज्ञ असे कष्ट करत नाहीत. ते नवी खूण शोधतात. ३+३+३+३ लिहायचा कंटाळा आला, म्हणून ३×४ आलं. ३×३×३×३ लिहायचा कंटाळा आला, म्हणून ‘३ चा चौथा घात’ आला. मग घातही पुन्हा पुन्हा घ्यायचा असेल तर? त्यासाठी अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७६ साली एक सोपी खूण सुचवली. कोणती? वर जाणारा बाण!

एक बाण म्हणजे साधा घात. ३↑३ म्हणजे ३×३×३, अर्थात २७.

दोन बाण म्हणजे घातांचा मनोरा. ३↑↑३ म्हणजे तीन मजली मनोरा. तीनच्या डोक्यावर तीन, त्याच्या डोक्यावर आणखी तीन. हा मनोरा वरून खाली सोडवत यायचं. वरच्या दोन मजल्यांचे झाले २७. आता ३ चा २७ वा घात काढा. उत्तर येतं ७६,२५,५९,७४,८४,९८७. सात महापद्मांच्याही वर! आणि लिहायला लागले दोन तीन नि दोन बाण.

आता फक्त एक मजला वाढवू. ३↑↑४ या संख्येत साडेतीन लाख कोटींहून जास्त अंक आहेत. सेकंदाला एक अंक लिहिलात, तर सुमारे एक लाख पंधरा हजार वर्षं लागतील, तेही न जेवता, न झोपता! आणि तीन बाण? ३↑↑↑३ हा मनोरा चक्क ७६,२५,५९,७४,८४,९८७ मजल्यांचा!

चक्रावलात ना? थांबा, खरी गंमत पुढेच आहे. रोनाल्ड ग्रॅहॅम या गणितज्ञांच्या नावाची एक संख्या आहे. दोन तिनांमध्ये चार बाण लिहा. येईल ती पहिली संख्या. आता दोन तिनांमध्ये त्या पहिल्या संख्येइतके बाण! ही दुसरी. असं करत चौसष्टावी संख्या गाठलीत की ती ग्रॅहॅमची संख्या. विश्वातल्या प्रत्येक अणूवर एकेक अंक लिहिला, तरी ती लिहून होणार नाही. १९८० साली तिची नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली.

मग ती अनंत आहे का? मुळीच नाही. तिला शेवट आहे. एवढंच काय, तिचा शेवटचा अंकही आपल्याला ठाऊक आहे: ७! जी संख्या कोणी कधीच लिहू शकणार नाही, तिचा एकक स्थानचा अंक मात्र तुम्ही वहीच्या एका पानावर सिद्ध करू शकता.

आणि हो, तो अतिशहाणा इथेही म्हणेलच, ‘ग्रॅहॅमची संख्या अधिक एक!’ म्हणू द्या. त्याचं बरोबरच आहे. या खेळात शेवटचा विजय कोणाचाच नसतो. पण ‘अधिक एक’ कोणीही म्हणेल. नवी खूण शोधायला मात्र डोकं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी शून्यं वाढवू नका, एखादी नवी खूण काढा आणि तिचा नियम सगळ्यांना समजावून सांगा.

तोवर हे कोडं सोडवा. शेवटचा अंक ७ च का? ३, ९, २७, ८१, २४३... हे घात लिहीत जा आणि एकक स्थानाकडे नीट बघा. घातांक सम की विषम, तेही तपासा. आई-बाबांनाही सोबत बसवा. उत्तर पुढच्या आठवड्यात!