आधी व्याख्या ठरवा, मग तास लावा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ‘संगणकीय विचार’ या संज्ञेची शालेय स्तरासाठी व्याख्या निश्चित करण्याबाबत.

महोदय,

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगसोबत संगणकीय विचाराचा उल्लेख आहे. व्याख्या मात्र नाही. त्यामुळे या नावाखाली कुठे टायपिंगचा तास होतो, कुठे पडद्यावरचे ठोकळे जोडले जातात आणि जिथे संगणकच नाही तिथे विषय बाजूला पडतो. आम्हा प्राथमिक शिक्षकांना हे मान्य नाही.

सीमोर पॅपर्ट यांनी 1980 मध्ये ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात हा शब्द वापरला. जॅनेट विंग यांनी 2006 च्या लेखात वाचन, लेखन, अंकगणिताच्या जोडीने प्रत्येकाला लागणारे कौशल्य म्हणून तो मांडला. दोघांच्या मांडणीत फरक आहे. पण नुसते यंत्र चालवण्याला दोघांनीही हे नाव दिलेले नाही.

आमच्या एका चौथीच्या वर्गात 42 वह्या हजेरी क्रमांकाने लावायच्या होत्या. मुले आधी एक नंबर शोधत बसली. मग एक मुलगी म्हणाली, “बाई, दहा-दहाचे गठ्ठे करू.” मुलांनी फळ्यावर लिहिले : 1 ते 10, 10 ते 20, 20 ते 30. विसाव्या वहीपाशी भांडण झाले, ती कुठल्या गठ्ठ्यात? मुलांनी नियम पुसला, ‘11 ते 20, 21 ते 30’ असा लिहिला आणि काम झटकन उरकले. वर्गात संगणक नव्हता.

म्हणून आम्ही सुचवत असलेली व्याख्या अशी : प्रश्नाची लहान भागांत फोड करणे, त्यांतले साम्य ओळखणे, अनावश्यक तपशील वगळणे, दुसऱ्याला किंवा यंत्राला जशीच्या तशी पाळता येईल अशी पायरीवार रीत मांडणे आणि ती चुकल्यास चूक शोधून दुरुस्त करणे.

आमच्या मागण्या :

1. ही व्याख्या चर्चेअंती मराठीत निश्चित करावी. कोडिंग आणि संगणक हाताळणी यांहून ती वेगळी ठेवावी.
2. इयत्तानिहाय अध्ययन निष्पत्ती ठरवाव्यात.
3. पाचवीपर्यंत संगणकाची अट नसावी. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ उपक्रमात कार्डे, खडू, दोरी यांवरच शिकवले जाते.
4. वेगळा विषय न वाढवता गणित, भाषा व परिसर अभ्यासात संगणकीय विचाराला जागा द्यावी.
5. मूल्यमापनात उत्तराबरोबर मुलाने मांडलेली रीत आणि केलेली दुरुस्तीही पाहावी.
6. अंमलबजावणीआधी शिक्षकांना प्रत्यक्ष वर्गातल्या नमुना पाठांसह प्रशिक्षण द्यावे.

त्या मुलांनी आधी नियम नीट केला, मग वह्या लावल्या. शासनानेही याच क्रमाने जावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
तालुका प्राथमिक शिक्षक संघटना

प्रत : संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे