घाईवर उतारा

१ डिसेंबर २०२४ ला ‘क्लॅट २०२५’ झाली. मोजक्या प्रश्नांच्या उत्तरांवरून सुरू झालेला वाद आधी दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. एकेका गुणासाठी मुलं कोर्टाची पायरी चढतात, यावरूनच गुणाचं मोल कळतं. पण गंमत बघा, यापेक्षा कितीतरी जास्त गुण आपण आपल्याच हाताने घालवून बसतो!

१२० मिनिटं, १२० प्रश्न. हिशेबच घाम फोडणारा. त्यात २०२० पासून सगळा पेपर उताऱ्यांवर आधारित. शेजारच्याने पान उलटलं, की आपल्या छातीत धडधड. मग डोळे ओळींवरून नुसते फिरतात आणि ‘नाही’, ‘फक्त’, ‘वगळता’ हे शब्द निसटतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. घाईत ११५ सोडवून ७५ बरोबर आले, तर हातात ६५ गुण. शांतपणे ९५ सोडवून ७८ बरोबर आले, तर ७३.७५. प्रश्न २० कमी, गुण जवळपास ९ जास्त!

कायद्याच्या उताऱ्यात तर वेगळीच मेख. नियम सांगतो, अल्पवयीनाने केलेला करार रद्दबातल. प्रश्नातला १७ वर्षांचा मुलगा हप्त्यावर बाइक घेतो आणि पैसे बुडवतो. आपलं मन म्हणतं, ‘दुकानदाराचं काय चुकलं?’ आणि पेन चुकीच्या गोलाकडे वळतं. न्यायाधीश व्हायचंय ते नंतर. आत्ता दिलेला नियम लावा, बस्स.

मग करायचं काय? मॉक दिल्यावर नुसता स्कोअर बघू नका. चुकांचे तीन ढीग करा : माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, अंदाज मारला. दुसरा ढीग सर्वांत आधी कमी करता येतो. दोन पर्याय नक्की बाद होत असतील, तर बिनधास्त अंदाज मारा. प्रश्न सोडलात, तर ओएमआरवरची ओळही सोडलीत ना, ते तपासा. धडधड वाढली, तर पेन खाली ठेवा, तीन लांब श्वास घ्या. दहा सेकंद जातील, पण पुढचा उतारा डोक्यात शिरेल.

आणि हो, आपल्या राज्याच्या लॉ सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. परीक्षा कोणती, हे ओळखून खेळणं, हीसुद्धा वकिलीचीच पहिली तयारी, नाही का?