योजना फडापर्यंत गेली पाहिजे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा भागातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. बाकीचे बिऱ्हाड ऊसतोडीसाठी ट्रॉलीत बसून सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्याची वाट धरते. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच खर्ची पडलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता मार्च-एप्रिलपर्यंत फडात राबतो.

सरकारने या लोकांसाठी काहीच केले नाही, असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि राज्याने तेवढीच भर घालायची, असे ठरले. संत भगवानबाबा योजनेत २०२१ मध्ये ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे जाहीर झाली. ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचेही काम सुरू झाले.

घोडे अडते ते गावाची वेस ओलांडल्यावर.

गरोदर बाईची नोंद, लेकराचा पोषण आहार, शाळेचा पट हे सगळे गावात राहते आणि कुटुंब फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. एक दिवस आजारपणात गेला तरी खाडा म्हणजे दंड लागतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने २०१९ मध्ये बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती तपासली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

यातून मार्ग निघू शकतो, हे रेशनने दाखवले आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे फडावरची माणसे तिथल्या दुकानातून आणि घरी राहिलेली गावातून आपापला वाटा उचलू शकतात. अंगणवाडी, लसीकरण आणि शाळाप्रवेश यांनाही हीच सोय हवी. ग्रामपंचायतीने निघतानाच यादी करावी आणि ती कारखाना परिसरातल्या आरोग्य केंद्राला व शाळेला पाठवावी.

कारखान्यांवर वचक ठेवायला नवा कायदाही लागणार नाही. दर हंगामाला गाळप परवाना साखर आयुक्तालयच देते, आणि एफआरपी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर थकवणाऱ्यांचे परवाने त्याने यापूर्वी अडवलेही आहेत. मजुरांच्या तळावर पाणी, शौचालय आणि पाळणाघर नसेल, तर येत्या हंगामापासून त्याच टेबलावर त्या कारखान्याची फाइलही थांबवावी.