रीस्टार्ट मारून बघा

मशीन अडलं की आपल्याकडे औषध एकच: रीस्टार्ट मारून बघा. जालन्यातला हार्डवेअरवाला तेच सांगतो, संभाजीनगरचा ‘सिस्टीम ॲडमिन’ तेच, आणि हिंजवडीत बसलेला माझा भाचाही तेच. भाच्याची भर एवढीच, ‘मामा, ते भंगार फेका, क्लाउडवर टाका.’ लॉग काय म्हणतोय, हे विचारायची एकालाही बुद्धी होत नाही.

बदनापुरात घरी मी एक जुनं सोलॅरिसचं मशीन चालवतो आणि त्यावर आयएनएन हा युजनेटचा, म्हणजे विषयवार चर्चागटांच्या जाळ्याचा, न्यूज सर्व्हर. युजनेट म्हटलं की आजची पोरं तोंडाकडे बघत बसतात. 1979 साली अमेरिकेत टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांच्या डोक्यात ते आलं आणि स्टीव्ह बेलोव्हिननं त्याची पहिली आवृत्ती चक्क शेल स्क्रिप्टमध्ये लिहिली. फेसबुक जन्मायच्या आधी तिथे सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी नावाचा गट होता. गूगलनं आपल्या ग्रुप्सवर 22 फेब्रुवारी 2024 पासून युजनेटचा नवा मजकूर दाखवणं बंद केलं. दुसऱ्याच्या ओसरीवर संसार मांडणाऱ्यांनी तारीख लिहून ठेवावी.

तर माझी डिस्क भरली आणि सर्व्हर थांबला. रात्री क्रॉनमधून जागा मोजणारी एक स्क्रिप्ट मशीनवर आहे, सोलॅरिसच्या आधीच्या सनओएसच्या जमान्यात कुणीतरी लिहिलेली. जागा ठरावीक मर्यादेखाली गेली की जुने लेख उडवायचे, एवढंच तिचं काम. रात्रीच्या अहवालात जागा पुरेशी होती, आणि सकाळी डिस्क गच्च. इथे रीस्टार्ट मारून काय होणार? भरलेली डिस्क पुन्हा चालू होऊन भरलेलीच राहणार.

स्क्रिप्ट उघडली. डिस्कवरची जागा सांगणाऱ्या डीएफ कमांडचा निकाल घ्यायचा, शेवटची ओळ धरायची, ऑकनं चौथा शब्द उचलायचा. सनओएसवर त्या जागी शिल्लक किलोबाइट असतात. सोलॅरिसचा साधा डीएफ वेगळ्याच साच्यात ओळ छापतो, पण तिथेही चौथा शब्द शिल्लक जागेचाच. फक्त मोजणी 512 बाइटच्या ब्लॉकमध्ये. म्हणजे आकडा खरा, माप अर्धं, आणि स्क्रिप्टला जागा दुप्पट दिसते. एररचं नाव नाही, कारण तिच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नाही. डीएफपुढे ‘वजा के’ जोडलं, काम संपलं.

प्रत्येक युनिक्सचा डीएफ वेगळी ओळ छापतो हे आयएनएनवाल्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी स्वतःचा इनडीएफ सोबत दिला. आमच्या पदवीधरांना हे ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना पाच मार्कांसाठी कर्नलची व्याख्या पाठ असते. दुसऱ्यानं लिहिलेली स्क्रिप्ट ओळीनं वाचायला मात्र चार वर्षांत कुणी लावत नाही. मग नेटवरून उचललेली स्क्रिप्ट सोलॅरिस 10 च्या बॉर्न शेलसमोर टाकतात. त्या शेलला डॉलर-कंस कळत नाही, बॅकटिक लागतात. सिंटॅक्स एरर आली की निदान तयार: मशीन जुनं आहे!

मशीन जुनं आहेच. पण त्यानं एरर कुठल्या ओळीत आहे तेही छापलेलं असतं.

परवा भाच्याचा फोन आला. त्यांच्या क्लाउडवर बॅकअप होत नव्हता आणि तक्रारही कुठे उमटत नव्हती. म्हटलं, स्क्रिप्ट पाठव. चकचकीत बॅश, वर कंपनीच्या नावाची सुबक चौकट, आणि खाली झाडून प्रत्येक कमांडच्या शेवटी एररची रवानगी थेट डेव्ह-नलमध्ये. एक्झिट स्टेटस एकाही ठिकाणी तपासलेला नाही. शेवटची ओळ बिनशर्त: ‘बॅकअप यशस्वी.’

‘हे असं का लिहिलंस?’

‘मामा, स्क्रीनवर फार कचरा येत होता.’